पाकळ्यांमधली जागा

कागदावर फूल काढताना पेन्सिल वळेल तशी पाकळी वळते. मोज्यावर फूल विणताना तसं होत नाही. तिथे हाताशी एकच आकार, टाका. तोही चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंदीला जरा जास्तच. म्हणून चौकटीच्या वहीत रेखाटलेलं टपोरं फूल पायावर उतरतं ते कुणीतरी त्यावर बसून उठल्यासारखं. दोन रंगांचे धागे एकत्र चालले की टाके थोडे चौकोनाकडे झुकतात खरे, पण एका इंचात किती टाके आणि किती ओळी बसतात हे नमुना विणून मोजल्याशिवाय चित्र काढायला बसूच नये. हा नमुना विणायचा सगळ्यांनाच कंटाळा. त्यातून तो सपाट विणून भागत नाही. मोजा गोल विणतात, आणि गोल विणताना हात वेगळा चालतो.

मग हिशेब. घेरात 64 टाके असतील तर 16 टाक्यांची चार फुलं बसतात. फुलाला नेमका मध्य हवा, म्हणून फूल पंधरा टाक्यांचं आणि सोळावा टाका शेजारच्या फुलापासूनचं अंतर. पाकळ्या जिथे पसरतात तिथे एवढं अंतर ठीक. जिथे त्या निमुळत्या होत जातात तिथे मात्र दोन फुलांच्या मध्ये मोठे तिकोने मोकळे पडतात. माझी सगळी डोकेफोड या तिकोन्यांपाशी होते. कारण विणकामात मोकळी जागा खरोखर मोकळी नसते. पुढून नुसती पार्श्वभूमी दिसत असली, तरी फुलाचा धागा मागून तिथूनच चाललेला असतो. पाच-सहा टाक्यांपेक्षा लांब गेला की मोजा चढवताना पायाची बोटं नेमकी त्यातच अडकतात. मध्येच त्याला पिळा देऊन अडकवता येतं, पण फिकट पार्श्वभूमीतून तो डोकावतो. त्यापेक्षा तिथे एक ठिपका टाकावा, एखादी कळी, पानाचं टोक. जुन्या नमुन्यांत फुलांभोवती अशी ठिपक्यांची गर्दी असते, ती नुसती हौस नव्हे.

नॉर्वेतल्या सेल्बूची आठ पाकळ्यांची चांदणी बघावी. 1857 साली तिथल्या एका तरुण मुलीने ती हातमोज्यांवर विणली आणि पुढे ती त्या गावाची ओळखच झाली. तिच्या पाकळ्यांच्या कडा तिरक्या जातात, बहुतेक दर फेरीला एक टाका सरकत. टाक्यांना तिरकं चालणं मानवतं. गोलाईचा हट्ट धरला की पायऱ्या दिसतात, आणि सरळ उभा, एका टाक्याचा देठ तर आजूबाजूच्या टाक्यांत बुडूनच जातो.

देठ असला की दिशेचाही प्रश्न येतो. वरच्या कडेपासून टाचेकडे विणत आलात तर चौकटींवर काढलेला आलेख उलटा धरायचा, नाहीतर फुलं डोक्यावर उभी राहतात. अर्थात बघणाऱ्याला सुलटी दिसली, तरी घालणाऱ्याला वाकून बघताना ती उलटीच दिसणार. देठ नसलेली फुलं मला आवडतात त्याचं हे एक कारण.

टाचेपाशी फार कलाकुसर करू नये. दोन रंगांचं विणकाम कमी ताणतं आणि चढवताना मोजा अडतो तो टाचेच्या तिरप्या घेरातच, म्हणून टाचेवरून चढणाऱ्या पोटरीच्या भागाला थोडे जास्त टाके ठेवावेत. तळव्याला एक गडद, एक फिकट असे टाके. मागे लांब धागा नाही आणि वीणही दाट.

रंग निवडताना धाग्याच्या दोन गुंड्यांचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. मरून आणि गडद हिरवा उन्हात कितीही वेगळे वाटोत, फोटोत दोन्ही सारखेच करडे निघतात, आणि मोज्यावर फूल सापडत नाही.

दुसऱ्या मोज्यात मी रंगांची अदलाबदल करते. आलेख तोच, मागचे धागे तेवढेच लांब, पण आता फूल फिकट आणि जागा गडद. तेव्हा धागेही बदलून धरावे लागतात: जो धागा मागे खालून चालतो त्याचे टाके जरा मोठे, उठून दिसतात, म्हणून खालचा मान कायम फुलाच्या रंगाला.