हप्तेवाला नाही, पेन्शनवाला

मला चाई आहे. डोक्यावर आधी रुपयाएवढे चट्टे पडले, मग ते एकमेकांत मिसळले, तेव्हापासून मी सरळ वस्तरा फिरवून चकोट करतो. किडा केस खातो, कांदा चोळ, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठलेली असते, आणि हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला थांबवून हे कसं सांगणार? सोलापुरात तर माझ्या डोक्याचा अर्थ भागाभागाला बदलतो. साखर पेठेत विचारतात, "तिरुपतीला जाऊन आलास का?" बाळीवेशीत एखादा आवाज खाली आणून म्हणतो, "घरात कोण गेलं?" आणि विडी कामगारांच्या वस्तीत पाऊल टाकलं की मी वसुलीवाला.

माझं काम वसुलीच्या अगदी उलट आहे. पीएफची पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा हयातीचा दाखला घरी जाऊन मोबाईलवर काढून द्यायचा. या दाखल्याची मुदत वर्षभराची. ती उलटली की पेन्शन अडकते. विडी वळणाऱ्या बहुतेक बायकांची पेन्शन हजाराच्या आसपास, पण त्यांच्या घरात त्या हजाराला हिशोब असतो.

एप्रिलमध्ये कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत गेलो होतो. गाडी लावतोय तोच एक पोरगं ओरडलं, "हप्तेवाला आला!" पुढच्या मिनिटाला गल्लीत माणूस दिसेना. उंबऱ्यात अर्धवट सोडलेलं सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि कड्या लागल्याचे आवाज. मी ज्यांच्याकडे आलो होतो त्या अव्वांच्या, म्हणजे आजींच्या, दारात सून उभी होती. "त्या हैदराबादला गेल्यात लेकीकडं." मी म्हटलं, "ताई, पेन्शनचं आहे." "परवापण एकजण असंच काहीतरी सांगून आत आलता."

तिचं काही चूक नव्हतं. गटकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर तगादा लावायचा नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये केला. या गल्लीत तो किती पाळला जातो, ते त्या कड्यांच्या आवाजातच कळलं. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. दारात बसून बायकांना घालूनपाडून बोलणारे जे वसुलीवाले मी पाहिलेत, त्यांचे केस भरघोस, वर जेल लावलेलं. त्यांना "साहेब, बसा" म्हणत खुर्ची मिळते. मी चकार शब्द बोललो नाही तरी गुंड.

तेवढ्यात चार पोरं आली. एकाने गाडीची किल्ली काढून घेतली. "काय बे, कुठल्या कंपनीचा?" ओळखपत्र दाखवलं तर पंचाईत वाढली, कारण त्या फोटोत मला झुपकेदार केस आहेत. "हा तू हैस व्हय?" मी फोन काढला. दाखल्याचं ॲप नव्यानंच टाकलेलं होतं, त्यामुळे आधी ते माझाच चेहरा तपासायला मागत होतं. पोरांच्या समोर आधार नंबर टाकला, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावले. आधारमधला फोटोही केसांचाच, तरी ॲपने मला घेतलं. किल्लीवाला पोरगा स्क्रीनवर वाकला आणि माझं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं.

हैदराबादला गेलेल्या अव्वा पाण्याच्या पिंपामागून बाहेर आल्या. माझ्याकडं बघून खूश. "गुंडू! तिरुपतीला गेलतास?" गुंडू म्हणजे तेलुगूत चकोट केलेलं डोकं. मी हो म्हणून टाकलं. प्रत्येक वेळी चाई कोण समजावत बसणार?

आधी अंगठा लावून बघितला. लागला नाही. पन्नासेक वर्षं पानं दुमडून त्यांच्या बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली, रेघ म्हणून नाही. मग चेहरा. चष्मा काढला, पदर सारखा केला, उजेडाकडं तोंड करून बसवलं. ॲप सांगतंय डोळे मिटा-उघडा, अव्वा घट्ट मिटून बसल्या त्या उघडेचनात. सून हसायला लागली, मग सगळी गल्लीच गोळा झाली. दाखला निघाला.

पुढच्या गल्लीत किल्लीवाला पोरगा माझ्यामागं गाडीवर बसून आला आणि तेलुगूत नि मराठीत ओरडत सुटला, "पेन्शनवाला है, हप्तेवाला न्हाई!" दारं उघडली. एकच घर शेवटपर्यंत बंद राहिलं. आतून बाईचा आवाज आला, "टोपी तरी घालून फिरावं माणसानं." चाळीसच्या वरच्या उन्हात मी टोपी घालत नाही, आणि घालणारही नाही.

संध्याकाळी त्याच घरातल्या बाईचा फोन आला. शेजारणीकडून नंबर घेतला होता. सासूची पेन्शन दोन महिने थांबली होती, काय काय कागद लागतील ते तिनं नीट विचारून घेतलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही लई चांगलं समजावून सांगता, दादा. उद्या तुम्हीच या. दुपारी एक टकल्या आलता, त्याला नका पाठवू."

बरं म्हणालो.