काकू, खिडकी लावा

आषाढ सरत आला होता. ठाण्यात आठवडाभर ऊन दिसलं नव्हतं आणि अशातच घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून फोन आला. पाण्याने भिजलेली घरं सुकवून देणं हे आमचं काम. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, घरची माणसं गावी गेलेली आणि मागे बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटलेला. वॉचमनला लिफ्टसमोर पाणी दिसलं तेव्हा कुठे कळलं. नळाचं पाणी स्वच्छ असतं, पण बंद घरात ते साचून राहिलं की त्याला स्वच्छ धरायचं नाही. बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात.

आम्ही पोचलो तोवर घरच्या काकू गावाहून परतल्या होत्या आणि मावशींना हाताशी धरून त्यांनी लादी पुसून लख्ख केली होती. पंखे फुल, खिडक्या सताड उघड्या. "पाणी गेलं हो सगळं, फक्त वास जात नाहीये," काकू म्हणाल्या. बेडरूममध्ये पाऊल टाकलं आणि लॅमिनेटच्या फळ्यांखालून पचपच आवाज आला. सांधे फुगून वर आलेले. या फळ्या आतून दाबलेल्या भुशाच्या असतात, एकदा फुगल्या की सुकल्यावरही पूर्ववत होत नाहीत. त्या उचलल्या. खालचा फोम पिळला तर धार लागत होती. फोम बाहेर, उरलेलं पाणी व्हॅक्यूमने बाहेर. जे पाणी ओढून काढता येतं ते आधी ओढूनच काढायचं. त्याची वाफ करत बसणं म्हणजे वेळ आणि वीज दोन्ही वाया.

खालचे प्लग भिजले होते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ती लाइन आधी बंद करून घेतली. मग हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर आणि ब्लोअर आत आणले, पंखे थांबवले आणि खिडक्या लावायला सुरुवात केली. इथून खरी लढाई.

"अहो, हवा नको का खेळायला? कोंदटून बुरशी येईल!" काकूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ऋतू चुकीचा होता. नागपुरात मे महिन्यात हा पाइप फुटला असता तर मीच खिडक्या उघडून दिल्या असत्या. पण त्या दिवशी बाहेर 27 अंश आणि 88 टक्के आर्द्रता होती, म्हणजे दर घनमीटर हवेत 22-23 ग्रॅम पाणी आधीच भरलेलं. अशी हवा भिंतीतली ओल काय शोषणार?

डीह्युमिडिफायरचं आतलं काम एसीसारखंच. खोलीतली दमट हवा गार कॉइलवरून जाते, वाफेचं पाणी होऊन टाकीत पडतं. फरक एवढाच की एसी उष्णता बाहेर फेकतो, हे मशीन ती खोलीतच परत सोडतं. वर, वाफेचं एक लिटर पाणी होताना जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सुटते, तीही खोलीतच. म्हणून खोली तापते आणि आम्हाला तेच हवं असतं: गरम, कोरडी हवा. ब्लोअर भिंतीशी तिरका ठेवायचा, जमिनीलगत. ओल्या पृष्ठभागाला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो, तो सतत हटवणं एवढंच त्याचं काम. नुसता ब्लोअर लावला तर भिंतीतली ओल हवेत जाते आणि हवेतून कपाटातल्या कपड्यांत. भाड्याने नुसते ब्लोअर देऊन निघून जाणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

टाकी भरलेली बघायला शेजारचे येऊन गेले. एकाने ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का म्हणून विचारलं. त्यात खोलीतली धूळ आणि बुरशीचे कण आलेले असतात, चालणार नाही. नळी सरळ बाथरूमच्या जाळीत सोडली.

भिंतीला हात लावून काही कळत नाही, वरचा थर पहिल्यांदा सुकतो. आम्ही दोन सुयांचा मीटर लावतो. प्लास्टरवर त्याचा आकडा खरा टक्का दाखवत नाही, ते मीटर लाकडासाठी बनवलेलं. म्हणून त्याच घरातली कोरडी राहिलेली भिंत मोजायची, इथे स्वयंपाकघराची होती, आणि तो आकडा गाठायचा. रोज त्याच खुणेवर मोजायचं.

आकडे छान उतरत होते आणि एका सकाळी सगळेच वर. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रात्री अगदी जीव घाबरा झाला रे, जराशी उघडली होती." त्यांचंही खरं. बंद दारामागूनही मशीनची घरघर हॉलभर ऐकू येत होती आणि उकाडा वेगळाच. पण आत तोवर हवा घनमीटरला 13-14 ग्रॅमवर आली होती आणि बाहेरची तशीच 22 ची. लहान बेडरूममध्ये साधारण 30 घनमीटर हवा. ती एकदा बदलली की पाव लिटर पाणी फुकट आत. खिडकी फटभर उघडी असली तरी रात्रभरात लिटरच्या लिटर येतं. हे गणित ऐकून त्या दोन रात्री मुलीकडे राहायला गेल्या.

तरी एक भिंत हटेना. पूर्ण भिंतीचं सागवानी चौकटीचं कपाट होतं, जागेवरच बनवलेलं. थर्मल कॅमेऱ्यात त्याच्या तळाशी निळा पट्टा. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, गारवा दिसतो, पण ओल उडताना ती जागा गार पडते, म्हणून शंका घ्यायला जागा मिळते. पट्टा बघून सुई घातली, आकडा जवळपास पहिल्या दिवसाइतका.

काकूंनी आपल्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. "सागवान आहे, काही होत नाही," ते आल्या आल्या म्हणाले. चौकटीबद्दल बरोबर होतं, मागच्या साध्या प्लायबद्दल नाही. कपाट तोडायला काकूंचा साफ नकार, मलाही तोडायचं नव्हतं. खालची पट्टी तेवढी काढू म्हटलं. पटाशीने हलकेच उचकटली. आत लाकडाचा भुसा होता, बोटभर थर, कपाट बसवताना झाडायचा राहिलेला. वर्षानुवर्षं कोरडा पडून असलेला तो भुसा आता पाणी पिऊन लापशी झाला होता, वर करडी लव. मिस्त्री क्षणभर गप्प बसले. मग स्वतःच तोंडाला रुमाल बांधून पालथे झाले आणि पत्र्याच्या तुकड्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळा खरवडून काढला.

पोकळीत एका टोकाने नळीतून कोरडी हवा सोडली, दुसऱ्या टोकाची पट्टी उघडी ठेवली. दुसऱ्याच दिवशी आकडा हलला. चौकट वाचली. मागच्या प्लायचा खालचा वीतभर भाग सुटला होता, तो कापून बदलावा लागला.

स्वयंपाकघराच्या भिंतीशी आकडे जुळल्यावर मशिनं बंद केली, तरी लगेच उचलली नाहीत. मशीन थांबलं की आतली ओल कधीकधी पुन्हा पृष्ठभागावर येते, म्हणून एक दिवस थांबून मोजायचं. चढले नाहीत. मिस्त्रींनी पट्टी परत ठोकताना मधे जाळीचे दोन तुकडे बसवले, मी सांगितलं नव्हतं.

ती भिंत शेजारच्या फ्लॅटची सामाईक. काकूंनी रदबदली केली म्हणून पलीकडून मोजायला गेलो. तिथे पेंटर पुट्टी मारून नुकताच निघाला होता आणि मीटर अजून बराच वर. आतून ओल आहे, पोपडे येतील, थोडं थांबा, एवढं सांगून पाहिलं. दिवाळीला कसाही रंग काढायचाच आहे, तेव्हा बघू, म्हणाले.