बियाणे विधेयकावर सूचना पाठवताना: माझा अनुभव

2025 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या कृषी खात्यानं बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, 11 डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या. आमच्या यवतमाळच्या केळापूर तालुक्यात तेव्हा कापूस वेचणीचा जोर, मजूर मिळत नाही. त्यात हा कागद घेऊन बसलो म्हणून घरच्यांनी येड्यात काढलं.

मला एकच मागायचं होतं. बी उगवलं नाही तर तक्रार समितीनं पंचनाम्याचा अहवाल किती दिवसांत शेतकऱ्याच्या हातात द्यायचा, ते कायद्यातच लिहा. तो कागद नसला तर भरपाई मागताना ग्राहक आयोगात काय दाखवणार? मजकूर लगेच झाला. अडलं ते पुढे. सूचना ठरलेल्या नमुन्यात हवी, आणि कोणत्या कलमावर बोलतो ते सांगितलं तरच तिला वजन.

कलम विचारायला तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो. साहेब शिवारात. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगमध्ये. बाबू म्हणाला, "भाऊ, कायदा दिल्लीत बनते. तुम्ही कायले डोकं लावता?"

"दिल्लीनंच इचारलं ना बाप्पा!"

"आमच्याकडं तसं पत्र नाही आलं."

मोबाइलवर मसुदा उघडून दाखवला, तर चष्मा घरी राहिला म्हणे. शेवटी साहेब भेटले. त्यांनी चहा पाजला, पावसाचं विचारलं आणि "वरून सूचना आल्या की कळवतो" म्हणाले. मुदत सरत आली होती, आणि हे मला कळवणार! अजून आठवलं की डोकं तापते.

वकिलीला असलेल्या पुतणीनं फोनवर एका संध्याकाळी कलम शोधून दिलं. तेव्हा कार्यालयाच्या नादी न लागता गावातलं शिकलेलं पोरगं आधी गाठा.

एक राहिलंच: डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर किडामुंगी दिसते. सूचनेची पीडीएफच करून घ्या.

मसुदा म्हणजे अजून विधेयकही नव्हे. मंत्रिमंडळाची मंजुरी, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही, हे सगळं पुढचं. 2004 मध्ये राज्यसभेत मांडलेलं बियाणे विधेयक संसदेच्या स्थायी समितीतून जाऊन आलं, तरी त्याचा कायदा झाला नाही. मग राहिला 1966 चा बियाणे कायदाच. त्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड 500 रुपयांपर्यंत, आणि 2025 च्या खरिपात बीटी कापसाचं पाकीट 901 रुपयांचं!

विधेयक समितीकडे गेलं तर समितीही निवेदनं मागवते. म्हणून पाठवलेली प्रत जपून ठेवा, मेल पाठवल्याच्या तारखेसकट. माझी सातबाऱ्याच्या फाइलीतच लावली आहे.