व्हॅलिडिटीचं काम अकरावीतच

बारावीच्या निकालानंतर पुण्यातले पालक कॅपच्या, म्हणजे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, कटऑफची पीडीएफ उघडतात. जीओबीसीएस, एलएससीएच असे रकाने. 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग, शेवटी 'एस' राज्यस्तरीय, 'एच' आपल्या विद्यापीठ क्षेत्रातली. आपल्या रकान्यातले पर्सेंटाइल पाहून जीव भांड्यात पडतो. पण तो रकाना नुसत्या जातीच्या दाखल्यानं मिळत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीनं तो दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र, लागते. ती मुदतीत सादर झाली नाही, तर मूल खुल्या प्रवर्गात गणलं जातं.

पुण्यात राहणाऱ्यांची अडचण वेगळीच. घर धायरीला, मूळ गाव लातूर जिल्ह्यात. मानीव दिनांकाला, म्हणजे रहिवासासाठी नियमानं धरलेल्या तारखेला, पूर्वज जिथे राहत होते, तिथल्या प्रांताकडून (उपविभागीय अधिकाऱ्याकडून) दाखला आणि त्याच जिल्ह्याच्या समितीकडून पडताळणी. हा दिनांक अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. त्याआधीचा, जात लिहिलेला, वडिलांकडचा पुरावा हवा. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या.

आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात भक्कम. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर चुलत आजोबांचा शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, मागा. वडील, काका किंवा आत्याची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी जोडा. आईकडची सहसा चालत नाही. ज्या घरांत शाळा सगळ्यात उशिरा पोचली, त्यांच्याकडेच शाळेचा जुना कागद मागायचा, हा मला उघड अन्याय वाटतो. म्हणूनच शोध लवकर सुरू करायला हवा.

अर्ज अकरावीतच भरा. कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र, वंशावळीचं नमुना 3 आणि नमुना 17 ही शपथपत्रं लागतात. दाखल्यावर 'शिवाजी' आणि उताऱ्यावर 'शिवा' असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच जोडा. नाहीतर त्रुटी निघते आणि प्रकरण रखडतं.

ओबीसी, विमुक्त-भटके, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग) यांना नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं, प्रवेशानंतरच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं. अनुसूचित जाती-जमातींना नाही.

आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण संस्थेसाठी हे राज्याचे कागद पुरत नाहीत. तिथे ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा आणि जात केंद्राच्या यादीत हवी. विमुक्त-भटक्यांचा वेगळा कोटा तिथे नाही, एसईबीसीच्या 10 टक्के जागाही नाहीत.