आमची वाटचाल : 5 मिलीमीटरचा चुकलेला नट आणि त्यानंतरचं सगळं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पत्र्याचं शेड आहे, दोन लेथ, एक शेपर, एक मिलिंग आणि मी धरून चार माणसं. वडिलांच्या वेळी ऑइल इंजिनचे बुश, पिना असलं जॉबवर्क असायचं, मग इंजिनंच कमी झाली आणि काम आटलं. आज आमच्याकडे फोन येतात ते जुन्या मिलिंग मशीनच्या पार्टसाठी.

हे सुरू झालं ते सांगलीच्या एका काकांमुळे. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, त्यांनी लिलावात एक जुनं ब्रिजपोर्ट मिलिंग मशीन घेतलं आणि घरच्या गॅरेजमध्ये उभं केलं. ब्रिजपोर्ट म्हणजे अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं शहर, 1938 साली तिथं हे मशीन पहिल्यांदा बनलं आणि नंतर त्याच्या नकला जगभर निघाल्या, आपल्याकडेही. काका म्हणाले, "बाळा, मशीन झकास आहे, पण हँडल उलटं फिरवलं की पाव फेरी नुसतीच जाते, टेबल हलतच नाही." डायल गेज लावून बघितलं तर खरंच सव्वा मिलीमीटरचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली मोकळी ढिलाई! टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर चालणारा ब्राँझचा नट पार झिजला होता.

मी म्हटलं, नटच आहे, दोन दिवसात देतो. स्क्रूवर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजायचा गेज लावला, पिच 5 मिलीमीटर वाटला, आटे पाडले, नट स्क्रूवर चढवला, अडीच-तीन फेऱ्या गेला आणि गच्च बसला. परत काढून आटे मोकळे केले तरी तेच. ब्राँझ वाया गेलं, दिवस वाया गेला, आणि काका स्टुलावर बसून गप बघत होते त्याची जास्त लाज वाटली. नंतर डोक्यात आलं की मशीन इंचातलं आहे, एका इंचात 5 आटे, म्हणजे पिच 5.08 मिलीमीटर. एका आट्याला फक्त 0.08 चा फरक, पण दोन इंच लांब नटात दहा आटे येतात आणि शेवटच्या आट्यापर्यंत तो फरक पाऊण मिलीमीटरच्या आसपास जातो, मग बसणार कसा? शिवाय हे आटे ॲक्मी, म्हणजे 29 अंशाचे, आणि मी टूल घासलं होतं 30 चं.

आमच्या लेथचा स्क्रू मेट्रिक, म्हणजे मिलीमीटरचा. त्यावर इंचाचे आटे बिनचूक काढायचे तर 127 दात्यांचा गिअर लागतो, कारण 5.08 ला 25 ने गुणलं की बरोबर 127. आणि 127 ही मूळ संख्या, गोलाचे सारखे भाग पाडणाऱ्या साध्या डिव्हायडिंग हेडवर तिचे भाग पडत नाहीत, म्हणून तो गिअर बाहेरून करून आणला. तेव्हा खर्च जास्त वाटला होता, पण आमच्या धंद्यातली सगळ्यात चांगली खरेदी तीच. दुसरा नट स्क्रूवर बोटांनी फिरत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

मग त्यांच्या ओळखीतून एकेक जण यायला लागले. ड्रॉबारची मागणी भरपूर, आर 8 कोलेट (कटर पकडणारी चिरलेली नळी) ओढून धरणारा लांब बोल्ट तो, त्याचे आटे 7/16 इंच, इंचात 20. लोक घाईत 12 मिलीमीटरचा बोल्ट आणतात, तो शिरतच नाही, आणि 10 चा ढिला पडतो. आम्ही ईएन 8 पोलादाचा करतो. डायलही करतो, हँडलच्या एका फेरीत टेबल 200 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सरकतं म्हणून डायलवर 200 रेघा, डिव्हायडिंग हेड 40 ला 1 (त्याच्या हँडलच्या 40 फेऱ्यांत जॉबची एक फेरी) असल्यामुळे 20 भोकांच्या वर्तुळावर प्रत्येक रेघेला 4 भोकं पुढं जायचं. सोपं आहे, पण एक भोक चुकलं की अख्खी डायल भंगारात, म्हणून डायल करताना शेडमध्ये कुणी माझ्याशी बोलत नाही.

एक गोष्ट प्रत्येकाला आधीच सांगतो. नवा नट टाकला की बॅकलॅश शून्य होईल असं समजू नका. स्क्रू मधोमध जास्त झिजतो कारण तिथंच काम जास्त होतं, टोकांना तो जवळपास नवाच असतो, त्यामुळे नट मध्ये टाइट केला तर टोकाला अडकतो. अशा वेळी स्क्रूच बदला म्हणून सांगतो, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. टेपर गिब, म्हणजे सरकत्या भागातली ढिलाई काढणारी निमुळती पट्टी, पण तसंच, मशीनवर काढून सोडला की काम झालं असं नाही, उंचवटे दिसावेत म्हणून निळा रंग लावून, घासून, परत लावून, स्क्रॅपरनं एकेक उंचवटा उतरवावा लागतो आणि त्यात माझा अख्खा दिवस जातो. पैसे जास्त सांगितले की लोक कुरकुरतात, पण हाताला कळतं ना टेबल कसं सरकतंय ते! लोण्यासारखं.

बेड, कॉलम, टेबल ही ओतीव लोखंडाची मंडळी अजून पन्नास वर्षं चालतील, आणि दोन-चार हजाराच्या नटासाठी अख्खं मशीन किलोवर भंगारात जातं हे मला बघवत नाही. फौंड्रीच्या गावात वाढलोय, असं एक मशीन ओतायला किती हात लागतात ते माहीत आहे.

पार्ट हवा असेल तर जुना तुटका तुकडा फेकू नका, आहे तसा पाठवा, तेल न पुसता. स्क्रू पाठवता येत नसेल तर दहा आट्यांचं अंतर व्हर्निअरनं मोजा, एका आट्याचं नको. 50 आलं तर मेट्रिक, 50.8 आलं तर आमचा 127 चा गिअर लावतो.