सिवा : वाळवंटातलं पाणथळ गाव

इजिप्तच्या पश्चिम टोकाला, लिबियाच्या सीमेपासून पन्नासेक किलोमीटरवर सिवा आहे. वर्षाला पाऊस जेमतेम 10 मिलिमीटर. तरीही इथल्या शेतकऱ्याचं खरं दुखणं टंचाई नाही, पाणी साचणं आहे. हे डोक्यात ठेवून गेलात तर निळी तळी, वाळलेली खजुराची झाडं आणि ढासळलेली गढी यांचा एकमेकांशी असलेला संबंध आपोआप दिसू लागतो.

व्हिसा निघण्याआधीच काढून ठेवा. कैरोहून रात्रीची बस दहा-बारा तास घेते. समुद्रकाठच्या मरसा मत्रूहला एक मुक्काम केला, तर तिथून 300 किलोमीटर, चार-पाच तास. या दुसऱ्या टप्प्यात वाटेत जवळजवळ काहीच नाही. पाणी, खाणं आणि पेट्रोल मत्रूहलाच घ्या. तपासणी नाक्यांवर पासपोर्ट मागतात, तो बॅगेच्या तळाशी नको. चार-पाच झेरॉक्सही जवळ असू द्या. नकाशावर सिवाहून बहारियाकडे जाणारा रस्ता दिसतो. त्याच्या भरवशावर बेत आखू नका, तिथे परदेशी प्रवाशाला खास परवाना लागतो आणि तो मिळेलच असं नाही. आलात त्याच वाटेने परत. एटीएम मोजकी आहेत, रोख इजिप्शियन पौंड बरोबर हवेत.

ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडक थंडी पडते, जाड स्वेटर लागतोच. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो.

आता पाण्याकडे. सिवा समुद्रसपाटीपेक्षा अठरा-एकोणीस मीटर खाली, बशीसारख्या खोलगट जागेत वसलंय. खालच्या न्युबियन वालुकाश्मात हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी दाबाखाली आहे, ते झऱ्यांतून आपण होऊन वर येतं. पूर्वी झऱ्याचं पाणी पाळीने, वेळेच्या हिश्शाने वाटलं जाई. गेल्या काही दशकांत जागोजागी विहिरी खणल्या गेल्या आणि पाणी रात्रंदिवस वाहू लागलं. बागांमधून उरलेलं पाणी सखल भागात उतरतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. सांगली-शिरोळकडच्या उसाच्या क्षारपड रानांची कथा माहीत असलेल्यांना हे नवीन नाही. फरक इतकाच की तिकडे निचऱ्याचं पाणी चर काढून कृष्णेकडे सोडता येतं. सिवाच्या बशीला कुठूनही तोटी नाही. अलीकडे सरकारने उथळ विहिरी बुजवून निचऱ्याचं पाणी दूर नेणारा कालवा काढला आहे.

कुठल्याही बागेच्या कडेला दोन मिनिटं उकिडवे बसा. वाफ्याच्या बांधावर पांढरा पापुद्रा दिसेल, नखाने खरवडला तर पापडासारखा सुटून येतो. खजूर बरंच मीठ सोसतो. ऑलिव्ह त्याच्या आधी हार मानतो, पानं टोकाकडून करपतात. तळ्याकाठी नुसते बुंधे उभे दिसले की समजा, पाणी मुळांपर्यंत चढलंय.

ज्या निळ्याशार खड्ड्यांसाठी बहुतेक लोक येतात, ते मिठाच्या खाणकामातून तयार झालेत. सकाळी दहा ते दुपारी तीन, ऊन वर असताना रंग खुलतो. पाण्यात माणूस बुडत नाही, बूच तरंगावं तसा तरंगतो. पण पालथं होऊ नका. पाय वर उचलले जातात आणि चेहरा पाण्याबाहेर काढणं अवघड होतं. उतरताना पाठीवरच उतरा, उडी नको. दाढी किंवा वॅक्सिंग दोन दिवस आधी उरका, बारीकशा ओरखड्यालाही आग लागते. काठाचे स्फटिक काचेसारखे कापतात, म्हणून पायात सपाता ठेवा. माणशी दोन लिटर गोडं पाणी गाडीत असू द्या, डोळ्यांसाठी एक बाटली वेगळी. दहा मिनिटं पुरेत. नंतर गोड्या झऱ्यात डुंबून मीठ काढायचं, नाहीतर कपडे सुकून कडक होतात आणि अंग खाजतं.

त्यासाठी क्लिओपात्राचा झरा, स्थानिक नाव ऐन जुबा. गोल दगडी कुंड, तळातून बुडबुडे. असाच इथला एक झरा दुपारी गार आणि मध्यरात्री गरम होतो, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. पाण्याचं तापमान फारसं हलत नाही, हलतं ते हवेचं. हात तेवढा फसतो. स्त्रियांनी इथे अंगभर कपड्यांतच उतरावं, ही गावाची रीत आहे.

शाली म्हणजे जुन्या गावाची गढी, तेराव्या शतकातली. भिंती करशीफच्या, म्हणजे तळ्याकाठच्या मीठमिश्रित चिखलाच्या ढेकळांच्या. कोरड्या हवेत त्या दगडासारख्या टणक होतात, पण पावसात विरघळतात. 1926 साली तीन दिवस पाऊस पडला आणि लोकांना गढी सोडावी लागली. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्याही पावसानेच खचल्या, पण सिवात मीठच चुन्याचं काम करत होतं. डागडुजी झालेल्या वाटेनेच चढा, भिंतीच्या काठावर पाय देऊ नका. हॉटेल करशीफचं असेल तर ओले कपडे भिंतीला टेकवू नका.

अघुर्मीच्या टेकडीवर आमून या प्राचीन इजिप्शियन देवाचं कौल देणारं देऊळ आहे, इ.स.पू. 331 मध्ये अलेक्झांडर इथेच कौल मागायला आला होता. जबल अल-मौताच्या थडग्यांकडे सकाळी जा. सी-आमूनच्या थडग्यातले रंग अजून ताजे आहेत. 1940 मध्ये इटालियन बॉम्बहल्ल्यांपासून लपायला लोक या डोंगरात शिरले, तेव्हा ते सापडलं. तळ्यातल्या फतनास बेटावर सूर्यास्त बघायचा तर डासांचं मलम लावून जा.

वाळूच्या समुद्रात बीर वाहिदला जाण्यासाठी परवाना लागतो. पासपोर्ट आदल्या दिवशीच हॉटेलात द्या. तेलासाठी बोअर घेतलं आणि गरम गंधकी पाणी लागलं, ते हे ठिकाण. निघताना ड्रायव्हर टायरमधली हवा कमी करतो की नाही बघा. टणक टायर वाळू कापत खाली जातो, सैल टायर पसरून वर तरंगतो. हवा न सोडता निघणाऱ्याबरोबर जाऊ नका. फावडं आणि सोबतीला दुसरी गाडी आहे का, हेही विचारा. टेकाडाच्या धारेपलीकडचा उतार दिसत नाही, त्यामुळे बेल्ट लावाच.

लोक अमाझिग, म्हणजे बर्बर, बोली सिवी. अरबी त्यांना शाळेत आणि बाजारात. लग्न झालेल्या बायका बाहेर पडताना निळसर, भरतकाम केलेली चादर ओढून घेतात, त्यांचे फोटो काढू नका, लांबूनही नाही. दारू कुठेही मागू नका. शाकाहारींनी नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चिकन येतं. 'नबाती' म्हणा आणि 'मरक', म्हणजे मांसाचं पाणी, नको हे वेगळं सांगा. फूल (शिजवलेल्या बाकला शेंगांचे दाणे), तामिया (त्याच दाण्यांचे वडे), मसुराचं सूप आणि ताजी भाकरी यावर दिवस नीट निघतो. मांस खाणाऱ्यांनी अबू मरदम, वाळूतल्या भट्टीत पुरून शिजवलेलं, सकाळीच सांगून ठेवावं. त्याला काही तास लागतात.

ऑक्टोबरच्या पौर्णिमेला जबल दक्रूरच्या पायथ्याशी तीन दिवस सियाहा हा सण असतो. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या टोळ्यांचं जुनं वैर मिटलं, त्याची ही पंगत. सगळे पुरुष जमिनीवर गटागटाने बसून एकेका परातीतून जेवतात, पाहुण्यालाही बसवतात. उजव्या हाताने, आपल्या समोरचंच खायचं. त्या दिवसांत खोल्या आधीच भरतात.

खजुराची तोडणी याच सुमाराला. सिवी जातीचा खजूर अर्धसुका, प्रवासात टिकतो. घेताना दोन-चार फोडून बघा, बी भोवती काळी पूड असेल तर किडा लागलाय. मऊ ओल्या खजुराचा मोह इथेच भागवा, मुंबईपर्यंत तो आंबतो.