बाबांच्या मंडळाची कोजागिरी

कोजागिरीला आमच्या घरी दूध आटवल्याचं मला आठवत नाही. ते आटायचं सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या पटांगणात, बाबांच्या मंडळात.

बाबा स्पीच थेरपिस्ट. पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे त्यांचं काम. अशा पेशंटांचं आणि त्यांच्या घरच्यांचं मिळून मंडळ होतं. वर्षातून एकदा सगळे जमायचे. कार्यक्रम गणपतीत करू या, असं दर वर्षी कोणीतरी सुचवायचं आणि बाबा नको म्हणायचे. ढोल-ताशाच्या गोंगाटात या माणसांना समोरच्याचं बोलणं धरता येत नाही. शिवाय उत्तर आलं नाही की लोक त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात. बाबांना ते अजिबात खपायचं नाही. "ऐकू येतंय त्यांना. कळतंयही बरंच. फक्त शब्द सापडत नाहीये," एवढंच ते हळू आवाजात सांगायचे.

दुधाची दोन पातेली असायची. एकात नेहमीचं, वेलदोडा-जायफळ-केशर आणि वर चारोळी. दुसऱ्यातलं बिनचारोळीचं आणि मुद्दाम दाट केलेलं. पक्षाघातानंतर पुष्कळांचं गिळणंही बिघडतं. पातळ पदार्थ आवरत नाही, श्वासनलिकेत उतरतो, ठसका लागतो, कधी त्यातून न्यूमोनिया होतो. कोणाला किती दाट चालतं, हे बाबांना तोंडपाठ होतं. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, हातात चमचा, असे ते एकेकासमोर उकिडवे बसायचे. "हनुवटी जरा छातीकडे. हां, आता गिळा. तोंड रिकामं होऊ दे, मग पुढचा." आग्रह करायला सक्त मनाई होती. पुण्यातल्या बायकांना ही मनाई पाळणं किती जड जातं, ते मी आईकडे बघून सांगू शकते.

दुधाआधी भोंडला व्हायचा. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती खुर्च्यांचं रिंगण, त्यात दोन-चार व्हीलचेअर. आणि तिथे दर वर्षी ते घडायचं, जे पहिल्यांदा आलेल्या नातेवाइकांना खरं वाटायचं नाही. ज्या आजींना घरी 'पाणी' म्हणता येत नव्हतं, त्या भोंडल्याचं अख्खं गाणं सुरात म्हणायच्या. एका निवृत्त गणिताच्या मास्तरांना 'आठ' म्हणता यायचं नाही, पण बेचा पाढा सुरू करून दिला की ते 'बे चोक आठ' म्हणून पुढे जायचे. एक काका फक्त एकच शिवी देऊ शकत होते. त्यांची सून शरमेनं मान वर करायची नाही. बाबांनी तिला शेजारी बसवून समजावलं, की पाढे, आरत्या, शिव्या हे सगळं जिभेवर आपसूक येतं, ठरवून बोलायचं वाक्य येत नाही. यात सासऱ्यांच्या संस्कारांचा काही संबंध नाही.

मग ते पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगायचे. 1861 साली त्यांनी एक रुग्ण तपासला, तो 'तान' एवढंच बोलायचा. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते आणि डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून उजवा हात लुळा पडतो आणि बोलणंही जातं. गाण्याला उजव्या मेंदूचा मोठा आधार असतो. बॉस्टनमध्ये 1973 साली यावरूनच एक उपचारपद्धत मांडली गेली. बाबा ती मराठीत करायचे. पेशंटचा डावा हात हातात घेऊन टेबलावर ठेका धरायचा आणि दोनच सुरांत म्हणायचं, "चहा हवा." आधी दोघांनी मिळून, मग बाबांनी मध्येच गप्प व्हायचं, मग सूर हळूहळू काढून टाकायचा.

भोंडल्याची खिरापत ओळखायचा खेळही त्यांनी असाच कामाला लावला होता. झाकलेला डबा, गोड की तिखट, आणि मग अंदाज. कोणी हातानं लाडू वळून दाखवायचं, कोणी पाटीवर करंजीची चंद्रकोर काढायचं, ते सगळं उत्तर म्हणून धरलं जायचं. नियम एकच : शब्द पुरवायचा नाही. बायकोनं नाही, मुलानं नाही, थेरपिस्टनंही मागितल्याशिवाय नाही.

हा नियम आमच्या घरातही होता. दहावीनंतर मला सायन्सला जायचं नव्हतं. ते सांगायला मी जेवताना अडखळत बसले होते. आई दर मिनिटाला विचारत होती, "बरं नाही का? कोणी बोललं का?" बाबांनी तिला नुसत्या हातानं थांबवलं. त्यांच्या ताटातला भात वाळला, पण ते घास घेईनात. माझं बोलून झाल्यावर 'बरं' म्हणाले आणि मग जेवले. फर्ग्युसनला आर्ट्सचा फॉर्म आणायला ते स्वतः माझ्याबरोबर आले, पेशंटच्या वेळा बदलून.

कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात. मी थोरली, पण बाबा पटांगणात, म्हणून आई निरांजनाचं ताट तिथेच घेऊन यायची. पुढे बाबांनीच ठरवलं, की मंडळातल्या सगळ्याच थोरल्यांना ओवाळायचं. एका वर्षी सत्तरीच्या एका काकांना ओवाळायला त्यांची नव्वदीची आई रिक्षानं आली. तिचा हात थरथरत होता, म्हणून बाबांनी खालून ताट धरलं. काका तिच्याकडे बघत ओठ हलवत राहिले. सगळं पटांगण थांबलं. बऱ्याच वेळानं 'आई' आलं, आणि त्यापाठोपाठ 'बस'. तिला खुर्ची द्या, असं त्यांना म्हणायचं होतं. तीन जण खुर्ची घेऊन धावले. बाबा पंच्यानं डोळे पुसत होते आणि ते लपवत नव्हते.

निघण्याआधी ते सगळ्यांकडून घोकून घ्यायचे : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, की वाट न बघता मोठं हॉस्पिटल. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. त्यांच्या निम्म्या पेशंटांची रात्र 'सकाळी बघू' यातच गेली होती. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढायचा.

बाबा गेले, तरी कोजागिरी होते. दाट दुधाच्या पातेल्यापाशी आता त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी उभी असते आणि तीही उकिडवीच बसते. आभारप्रदर्शन कोणी करायचं, ते अजून बाबांच्या पद्धतीनंच ठरतं. वर्षभरात ज्याला सगळ्यांत कमी बोलायला मिळालं, माईक त्याच्या हातात. गेल्या वर्षी हे आभार सोळा शब्दांचे होते आणि दूध गार होईपर्यंत चालले. मग आम्ही ते पुन्हा गरम केलं.